परिवेश चल, संगणकीय

संगणकात चालू असलेली एखादी आज्ञावली दुसरी आज्ञावली सुरू करते तेव्हा नव्या आज्ञावलीच्या हाती जी नावे व त्यांची मूल्ये आपोआप सोपविली जातात त्यांस परिवेश चल म्हणतात. इंग्रजीत यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल अशी संज्ञा आहे. प्रत्येक चल म्हणजे ‘नाव=मूल्य’ अशा रूपाची एक साधी अक्षरमाला होय. वापरणाऱ्याची गृहनिर्देशिका कोणती, आज्ञा कोणकोणत्या निर्देशिकांत शोधावयाच्या, संदेश कोणत्या भाषेत दाखवावयाचे, वेळ कोणत्या क्षेत्राची धरावयाची यांसारखी माहिती या चलांमधून पुरविली जाते. सुरू करणाऱ्या प्रक्रियेस जनक प्रक्रिया व सुरू झालेल्या प्रक्रियेस अपत्य प्रक्रिया किंवा उपप्रक्रिया म्हणतात. परिवेश नेहमी जनकाकडून अपत्याकडे जातो. अपत्याने आपल्या प्रतीत केलेला बदल जनकापर्यंत पोहोचत नाही. ही एकेरी वाट या विषयाच्या मुळाशी आहे आणि तिचा उगम चलांपूर्वीचा आहे.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये पीडीपी-७ या लहान संगणकावर युनिक्स या परिचालन प्रणालीची उभारणी सुरू केली. आरंभीच्या युनिक्समध्ये वापरणाऱ्याच्या आज्ञा वाचणारी शेल ही आज्ञावली मागितलेली आज्ञावली स्वतःच्याच जागी स्मृतीत उतरवीत असे व ती संपली की शेल पुन्हा नव्याने आणली जाई. पुढे ‘फोर्क’ ही सुविधा आली. चालू प्रक्रियेची हुबेहूब दुसरी प्रत निर्माण करणे हे तिचे काम. ही कल्पना बर्कली येथील कालविभाजन प्रणालीवरून घेतलेली होती आणि पीडीपी-७ वर ती साकार करण्यास अवघ्या २७ ओळी पुरल्या, असे रिची यांनी नमूद केले आहे. फोर्कने निर्माण झालेली प्रत ‘एक्झेक’ या दुसऱ्या सुविधेद्वारे नव्या आज्ञावलीत रूपांतरित होते.

या बदलाने एक गंमतीदार अडचण उभी केली. चालू निर्देशिका बदलणारी ‘सीएचडीआयआर’ ही आज्ञा एकाएकी निरुपयोगी ठरली. ती आता उपप्रक्रियेत चालत असल्याने त्या उपप्रक्रियेची निर्देशिका बदले, उपप्रक्रिया लगेच संपे आणि शेल होती तेथेच राही. अखेर ही आज्ञा शेलच्या पोटातच बसवावी लागली. पुढील पिढ्यांतील परिवेश चलांच्या बाबतीतही हाच अनुभव आला. आज्ञालेख चालवून त्यातील चल आपल्या शेलमध्ये येतील अशी अपेक्षा करणारा प्रत्येक नवशिक्या नकळत या जुन्या प्रसंगाची पुनरावृत्ती करीत असतो.

फोर्क व एक्झेक यांची अशी फारकत झाल्यामुळे दोहोंच्या मधला अल्प अवकाश मोलाचा ठरला. या अवकाशात चालणारी प्रत जनकाचेच आज्ञाशब्द पाळत असते; पण तिने उघडलेल्या फाइली, बदललेली निर्देशिका वा फिरविलेले चल यांचा जनकास उपद्रव होत नाही. अपत्याची तयारी अपत्यानेच करावी, ही सोय अत्यंत सुटसुटीत होती. तयारीचे वर्णन करणारा वेगळा तक्ता किंवा वेगळी भाषा युनिक्सला पुष्कळ काळ लागली नाही, याचे कारण हेच होय.

परिवेशाचा उदय : १९७५ मधील सहाव्या आवृत्तीपर्यंत युनिक्समध्ये परिवेश नव्हता. अपत्यास केवळ आज्ञेच्या ओळीतील घटक मिळत. बेल प्रयोगशाळेतच जॉन मॅशी यांनी प्रोग्रॅमर्स वर्कबेंच या शाखेसाठी विकसित केलेल्या शेलमध्ये एकेका अक्षराची नावे असलेले चल होते. त्यांपैकी काही गृहनिर्देशिका व शोधमार्ग यांसारख्या कामांसाठी राखून ठेवलेले होते. मात्र हे चल शेलपुरतेच मर्यादित होते. सर्व आज्ञावलींना समान रीतीने मिळणारा परिवेश जानेवारी १९७९ मध्ये प्रसृत झालेल्या सातव्या आवृत्तीत आला. त्या आवृत्तीत एक्झेकला घटकांच्या यादीबरोबर अक्षरमालांची दुसरी यादी देता येऊ लागली आणि सी भाषेत ती वाचण्यासाठी ‘गेटेन्व्ह’ हे फलन पुरविण्यात आले. ही यादी कर्नेलच्या दृष्टीने अर्थहीन असते. कर्नेल ती अक्षरमालांचा गठ्ठा म्हणून जुन्या प्रतिमेतून नव्या प्रतिमेत उचलून ठेवतो, इतकेच. नावात काय असावे, एकच नाव दोनदा आल्यास काय करावे, मूल्य रिकामे असण्याचा अर्थ काय यांविषयी त्याला कर्तव्य नाही. हे अंग हलके ठेवल्याने रचना टिकाऊ झाली खरी; पण अर्थ लावण्याचे ओझे प्रत्येक आज्ञावलीवर पडले.

त्या काळी घटक व परिवेश मिळून सर्व मजकूर ५,१२० बाइटांत बसवावा लागे. लिनक्समध्ये ही मर्यादा पुष्कळ काळ १२८ किलोबाइट होती; २००७ मध्ये ती शिथिल होऊन स्टॅकसाठी ठरविलेल्या मर्यादेच्या एक चतुर्थांशापर्यंत गेली.

बोर्न शेल व निर्यात : सातव्या आवृत्तीबरोबर स्टीव्हन बोर्न यांची नवी शेल आली. तिने शेलचे खासगी चल व परिवेशातील चल एकाच नामावलीत ठेवले आणि त्यांत भेद करण्यासाठी ‘एक्स्पोर्ट’ म्हणजे निर्यात ही खूण योजिली. खूण केलेले चलच अपत्यांकडे जातात. याशिवाय आज्ञेच्या आधी ‘नाव=मूल्य’ लिहिल्यास तो चल त्या एका आज्ञेपुरताच लागू होतो. ही दुसरी सोय आजही बहुधा सर्वाधिक वापरली जाते आणि ती निर्दोष आहे; कारण तीत मागे काही उरत नाही व मूळ मूल्य परत ठेवण्याची जबाबदारी कोणावर येत नाही.

मूळ बोर्न शेलमध्ये एक चमत्कारिक बारकावा होता. परिवेशातून आलेल्या चलाचे मूल्य शेलमध्ये बदलले, पण निर्यातीची खूण पुन्हा केली नाही, तर अपत्यास जुनेच मूल्य मिळे. आयात झालेली प्रत व शेलमधील चल या दोन भिन्न गोष्टी आहेत, असा त्यामागील विचार असावा. वापरणाऱ्यांना तो पटला नाही. पुढे पॉझिक्स मानकाने परिवेशातून आलेला प्रत्येक चल आपोआप निर्यातीचा धरावा, असा नियम घातला. बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी लिहिलेल्या सी शेलने निराळा मार्ग घेतला. तिच्यात शेलचे चल ‘सेट’ने व परिवेशाचे चल ‘सेटेन्व्ह’ने ठरविले जात व दोन्ही नामावल्या वेगळ्या राहत. हा मार्ग समजण्यास सोपा असला, तरी बोर्न यांची परंपराच पुढे प्रभावी ठरली.

चल काढून टाकण्याचा प्रश्न : चल ठरविण्याची सोय पहिल्या दिवसापासून होती, काढून टाकण्याची सोय मात्र उशिरा आली, हे लक्षणीय आहे. सातव्या आवृत्तीच्या शेलमध्ये ‘अनसेट’ ही आज्ञा नव्हती. चलास रिकामे मूल्य देता येई. पण त्याचे नाव परिवेशातून हटविता येत नसे. १९८४ मधील सिस्टिम फाइव्हच्या दुसऱ्या प्रसृतीत अनसेट आली, तीही अपवादांसह. शोधमार्ग ठरविणारा ‘पाथ’, शब्द तोडण्याची चिन्हे सांगणारा ‘आयएफएस’ व शेलचे सूचकचिन्ह यांसारखे काही चल तिला हटविण्याची मुभा नव्हती. संपूर्ण परिवेश बाजूस सारून कोऱ्या पाटीवर एखादी आज्ञा चालविण्यासाठी ‘एन्व्ह’ ही स्वतंत्र आज्ञा उपयोगी पडे.

रिकामा चल व अनुपस्थित चल यांतील भेद वरवर पाहता काथ्याकुटाचा वाटतो. परंतु व्यवहारात त्याने अनेकदा घात केला आहे. कालक्षेत्र सांगणाऱ्या ‘टीझेड’ या चलाचे उदाहरण घेता येईल. हा चल मुळीच नसेल, तर बहुतेक युनिक्ससदृश प्रणाली यंत्रावर नेमलेली स्थानिक वेळ धरतात. तो असून रिकामा असेल, तर सार्वत्रिक समन्वित वेळ धरतात. म्हणजे भारतात बसविलेल्या यंत्रावर हा चल ‘पुसण्यासाठी’ रिकामा करणाऱ्या आज्ञावलीच्या उपप्रक्रियेचे घड्याळ साडेपाच तास मागे पडते. पाथ व गतिमान लायब्ऱ्यांचा मार्ग सांगणारा ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ यांमध्ये दोन अपूर्णविरामांमधील वा शेवटची रिकामी जागा म्हणजे चालू निर्देशिका असा संकेत आहे. ‘नवी निर्देशिका, अपूर्णविराम, जुने मूल्य’ अशा सरधोपट रीतीने मूल्य वाढविताना जुना चल अस्तित्वातच नसला, तर शेवटी अपूर्णविराम उरतो आणि कोणत्याही निर्देशिकेत पडलेली परकी लायब्ररी आज्ञावलीत शिरू शकते. अनेक वितरणांतील आज्ञालेखांत हा दोष सापडलेला आहे.

मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस प्रणालीने १९८३ मधील २.० आवृत्तीत युनिक्सच्या धर्तीवर परिवेश घेतला; पण तेथे ‘सेट नाव=’ असे लिहिणे म्हणजेच चल हटविणे होते. त्यामुळे आज्ञेच्या ओळीवरून रिकाम्या मूल्याचा चल निर्माण करताच येत नसे. वाद मिटविण्याचा हा एक मार्ग झाला. त्याच निर्मात्याच्या विंडोज एनटीमध्ये १९९३ पासून प्रक्रिया निर्माण करणाऱ्या फलनास परिवेशाचा संपूर्ण गठ्ठा देता येतो व काही न दिल्यास जनकाचा जातो. तेथे नावांतील लहानमोठ्या अक्षरांचा भेद मानीत नाहीत.

याहून मूलगामी विचार बेल प्रयोगशाळेतच तयार झालेल्या प्लॅन ९ या प्रणालीत आढळतो. तीत प्रत्येक चल ही ‘एन्व्ह’ निर्देशिकेतील एक फाइल असते. चल ठरविणे म्हणजे फाइल लिहिणे, हटविणे म्हणजे फाइल काढून टाकणे. नवी प्रक्रिया निर्माण करताना परिवेश जनकाशी सामाईक ठेवावा, त्याची प्रत घ्यावी की कोरा द्यावा, हे तीन पर्याय स्पष्टपणे सांगता येतात. ही रचना देखणी असली, तरी ती प्रणाली प्रयोगशाळा व विद्यापीठे यांपलीकडे फारशी पसरली नाही.

सी भाषेतील फलने : प्रक्रियेने स्वतःचा परिवेश बदलण्यासाठी सिस्टिम फाइव्ह शाखेत ‘पुटेन्व्ह’ व बर्कली शाखेत ‘सेटेन्व्ह’ आणि ‘अनसेटेन्व्ह’ ही फलने आली. पुटेन्व्ह दिलेल्या अक्षरमालेची प्रत करीत नाही. तीच अक्षरमाला परिवेशात गुंफते. फलनाच्या तात्पुरत्या स्मृतीतील मजकूर असा गुंफल्यास फलन संपताच परिवेशात कचरा उरतो. सेटेन्व्ह प्रत करते. परंतु जुनी प्रत कोणाच्या वापरात आहे की नाही हे तिला कळण्याचा उपाय नसल्याने ती स्मृती निर्धोकपणे मोकळी करता येत नाही. १९८९ च्या सी भाषेच्या अमेरिकन मानकाने वाचनाचे फलन तेवढे स्वीकारले. ठरविणे व हटविणे यांविषयी ते मौन राहिले. पॉझिक्सने सेटेन्व्ह व अनसेटेन्व्ह २००१ च्या आवृत्तीत समाविष्ट केली. तोवर परिवेशाच्या जन्मास २२ वर्षे होऊन गेली होती.

हटविणे वाटते तितके सोपे नाही, याचा दाखला २००० मध्ये मिळाला. जीएनयू सी लायब्ररीच्या २.१.१ या आवृत्तीतील अनसेटेन्व्ह एकच नाव परिवेशात दोनदा आले असता ते पूर्णपणे हटवीत नसे. विशेषाधिकाराने चालणाऱ्या आज्ञावलींपासून घातक चल दूर ठेवण्याचे काम याच फलनावर होते. हल्लेखोराने नाव दोनदा पेरले की एक प्रत शिल्लक राही व त्याची लायब्ररी विशेषाधिकारासह चाले.

बहुधागी आज्ञावलींच्या प्रसारानंतर आणखी एक दोष ठळक झाला. प्रक्रियेचा परिवेश सर्व धाग्यांना सामाईक असतो. एक धागा चल बदलीत असताना दुसरा वाचीत असेल, तर वाचणाऱ्याच्या हातातील स्मृती नाहीशी होऊ शकते. शिवाय अशा आज्ञावलीत फोर्कनंतर एक्झेकपर्यंत मोजकीच फलने सुरक्षितपणे वापरता येतात व सेटेन्व्ह त्यांत मोडत नाही. अर्थात अपत्याने आपली तयारी आपण करावी ही मूळची सोय येथे संपुष्टात आली. अपत्याचा परिवेश जनकानेच आधी वेगळ्या यादीत रचून तो एक्झेकच्या वा ‘पॉझिक्स_स्पॉन’च्या स्वाधीन करणे हाच सुरक्षित मार्ग उरला. रस्ट भाषेने तर २०२५ मध्ये स्थिरावलेल्या २०२४ च्या आवृत्तीत स्वतःचा परिवेश बदलणारी फलने ‘असुरक्षित’ या वर्गात टाकली.

उपप्रक्रियांसाठी आधुनिक रचना : अपत्याचा परिवेश असा आधी वर्णन करून सांगावयाचा झाला की रचनाकारापुढे दोन प्रश्न उभे राहतात. दिलेली यादी वारशाने मिळालेल्या परिवेशात भर घालणारी समजावी की त्याची जागा घेणारी, हा पहिला. आणि भर घालणारी असल्यास ‘हा चल नको’ हे कसे सांगावे, हा दुसरा. पायथन भाषेत २००४ मध्ये आलेल्या ‘सबप्रोसेस’ या विभागात दिलेला कोश संपूर्ण परिवेशाची जागा घेतो. एकच चल द्यावा म्हणून एका नोंदीचा कोश देणाऱ्याच्या उपप्रक्रियेस त्यामुळे पाथही मिळत नाही. प्रचलित कोशाची प्रत करून तीत बदल करणे ही तेथील रीत आहे. रूबी भाषेत यादी भर घालणारी असून ‘निल’ हे मूल्य म्हणजे हटविण्याची खूण होय. रस्टमध्ये घालणे, हटविणे व सर्व पुसणे यांसाठी तीन स्वतंत्र क्रिया आहेत. गो भाषेत नाव दोनदा आल्यास शेवटचे मूल्य ग्राह्य धरतात. जावाने काही काळ परिवेश वाचण्याचीच सोय बंद ठेवली होती; ती २००४ मधील पाचव्या आवृत्तीत पूर्ववत झाली व तिच्याबरोबर उपप्रक्रियेसाठी बदलता येण्याजोगा स्वतंत्र परिवेशही मिळाला.

या प्रश्नाची सर्वांत बोधक मांडणी गिट या आवृत्तिनियंत्रण प्रणालीत पाहावयास मिळते. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये आरंभिलेली ही प्रणाली अनेक लहान आज्ञांची बनलेली असून त्या एकमेकींना ‘गिट_डीआयआर’, ‘गिट_वर्क_ट्री’, ‘गिट_इंडेक्स_फाइल’ अशा चलांद्वारे चालू भांडाराची ओळख देतात. जोवर सर्व आज्ञा एकाच भांडारावर काम करतात तोवर हे उत्तम चालते. परंतु उपभांडारात आज्ञा चालवावयाची असता वारशाने आलेली ओळख चुकीची ठरते. नुसती निर्देशिका बदलून उपयोग नसतो. चलाचा अधिकार निर्देशिकेहून वरचा आहे. चलास रिकामे मूल्य देऊनही भागत नाही, कारण रिकामा गिट_डीआयआर म्हणजे ‘रिकाम्या नावाचे भांडार’ असा अर्थ होऊन आज्ञा अयशस्वी होते. चल हटविणे हाच एक उपाय उरतो.

गिटची विंडोजवरील रूपे विकसित होऊ लागली तेव्हा तेथे फोर्क उपलब्ध नसल्याने ‘अपत्यात शिरून चल काढून टाकू’ हा युनिक्सचा जुना मार्गही बंद झाला. गिटच्या उपप्रक्रिया सुरू करणाऱ्या अंतर्गत फलनांत एक साधा संकेत रूढ झाला : यादीतील अक्षरमालेत बरोबरीचे चिन्ह असेल, तर चल ठरवावयाचा, केवळ नाव असेल, तर हटवावयाचा. ‘नाव=’ हा रिकामा चल व ‘नाव’ हा हटविण्याचा आदेश, असे दोन्ही अर्थ एकाच यादीत विनासायास मावतात. नवा प्रकार वा नवी खूण न निर्मिता जुन्या लेखनपद्धतीतील रिकामी जागा वापरल्याने ही योजना सरस ठरते. कोणते चल भांडाराशी बांधलेले आहेत त्यांची यादीही गिटमध्ये एके ठिकाणी ठेवलेली असून ‘रेव्ह-पार्स’ आज्ञेस योग्य पर्याय देऊन ती बाहेरूनही मिळविता येते.

ही खबरदारी बाहेरच्या आज्ञालेखांना मात्र आपोआप लाभत नाही. एखाद्या भांडारात बदल येताच गिट ‘हुक’ नावाचे आज्ञालेख चालविते व त्यांना गिट_डीआयआर वारशाने मिळतो. अशा आज्ञालेखाने दुसऱ्या निर्देशिकेत जाऊन गिटची आज्ञा दिली की ‘हे भांडार नव्हे’ अशी तक्रार येते. तक्रार आली तर नशीबच. मार्ग संपूर्ण दिलेला असल्यास आज्ञा निमूटपणे भलत्याच भांडारावर चालते. आज्ञालेखाच्या आरंभी गिट_डीआयआर हटविणे हा यावरील प्रचलित उपाय आहे.

भाषाविषयक चल : मराठीच्या वापराशी ‘लँग’ व ‘एलसी_’ने सुरू होणारे चल यांचा थेट संबंध येतो. भारतातील मराठीसाठी ‘एमआर_आयएन’ असा संकेत आहे. ‘एलसी_ऑल’ हा चल इतर सर्वांवर मात करतो. उपप्रक्रियेने छापलेला मजकूर वाचून त्यावर पुढील काम करणारी आज्ञावली संदेश भाषांतरित होऊ नयेत व अनुक्रम बदलू नये म्हणून उपप्रक्रियेपुरता एलसी_ऑल ‘सी’ असा ठरविते. पण सी या मूळ परिस्थितीत केवळ रोमन अक्षरसंच गृहीत असल्याने देवनागरी नावांच्या फाइलींच्या जागी प्रश्नचिन्हे वा आकडे उमटतात. यावर उपाय म्हणून ‘सी.यूटीएफ-८’ ही परिस्थिती प्रचारात आली. जीएनयू सी लायब्ररीत ती २०२२ मधील २.३५ या आवृत्तीपासून समाविष्ट आहे. पायथनच्या २०१८ मधील ३.७ या आवृत्तीपासून सी परिस्थिती आढळल्यास ती आज्ञावली स्वतःच्या परिवेशात अक्षरसंचाचा चल बदलून ठेवते व तो बदल तिच्या उपप्रक्रियांनाही मिळतो. हेतू चांगला असला, तरी जनकाने न मागितलेला चल अपत्यास देण्याचे हे उदाहरण होय.

सुरक्षितता : परिवेश हा अपत्याच्या दृष्टीने परक्याने दिलेला मजकूर आहे, ही जाणीव सावकाश रुजली. विशेषाधिकाराने चालणारी आज्ञावली शेलच्या साहाय्याने दुसरी आज्ञा चालवीत असता आयएफएस या चलात तिरकी रेघ घालून तिच्या मार्गाचे तुकडे पाडण्याची युक्ती जुनी आहे. म्हणून शेलने हा चल परिवेशातून घेऊच नये असे आता ठरले आहे. सर्वांत गाजलेला दोष २४ सप्टेंबर २०१४ रोजी जाहीर झाला. बॅश या शेलमध्ये फलनेही चलांच्या रूपाने निर्यात होत. मूल्याचा आरंभ विशिष्ट चिन्हांनी झाला असल्यास नवी बॅश ते फलन म्हणून वाची आणि फलनाच्या पुढे जोडलेल्या आज्ञाही चालवी. स्टेफान शाझेलास यांना आढळलेला हा दोष १९८९ पासून अस्तित्वात होता. आंतरजालावरील सेवक यंत्रे आलेल्या विनंतीचे मथळे चलांच्या रूपाने उपप्रक्रियेस देत असल्याने दूरच्या कोणासही आज्ञा चालविता येऊ लागल्या. दुरुस्तीत अशा चलांच्या नावांना वेगळे उपपद जोडण्यात आले.

अधिकार बदलून आज्ञा चालविणारी ‘सुडो’ ही आज्ञावली परिवेश पुसून मोजकेच चल पुढे जाऊ देते. लिनक्सवरील सेवांची व्यवस्था पाहणाऱ्या सिस्टिमडी या प्रणालीत चल ठरविण्याची व जाऊ देण्याची सोय आधीपासून होती. नावानिशी हटविण्याची सोय तीतही मागाहून, २०१७ मधील २३५ व्या आवृत्तीत आली. २०१३ पासून प्रसार पावलेल्या डॉकरच्या प्रतिमालेखात चल ठरविणारी सूचना आहे; तो हटविणारी सूचना नाही. तेथे तो चल त्या त्या आज्ञेपुरता शेलमधूनच काढून टाकावा लागतो.